डाव्या कानातला प्रॉम्प्टर

माझा भाऊ गेल्यावर त्याच्या जलदान विधीच्या दिवशी गावातले एक म्हातारे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच माझ्या डाव्या कानात भावाचा आवाज आला, "आता तूच पोरगा समज माय या घरचा." सपाट आवाज, कसलीही घाई नसलेला. मग म्हाताऱ्यांनी घसा खाकरला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता तूच पोरगा समज माय या घरचा."

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीला टेकवलेला पत्रावळींचा गठ्ठा.

ते नव्याण्णव साल. मी चोवीस वर्षांची होते आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. काम मुख्यतः मलेरियाच्या काचपट्ट्या तपासण्याचं. अशा कामात असलेल्या बाईनं असलं काही कुणाला सांगू नये, एवढी अक्कल मला होती. मी पत्रावळी उचलल्या आणि पंगतीकडे गेले.

भावाचं काम काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. वडशाच्या नाटक कंपन्या आज या गावी, उद्या त्या गावी करत हिंडतात. नटांना पाठांतराला सवड नसते. काही तर दुपारी एसटीतून उतरतात आणि त्याच दिवशी तोंडाला रंग लावतात. त्यामुळे सगळं नाटक प्रॉम्प्टरच्या जिवावर चालतं. तो स्टेजच्या पुढे, खाली, पेटीवाल्याच्या बाजूला बसतो. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत प्रत्येक वाक्य आधी तो म्हणतो, मग नट म्हणतो. पुढच्या रांगांतल्या लोकांना सगळं नाटक दोनदा ऐकू येतं. आधी कोरडं, मग रडून-ओरडून. आम्हाला त्याची इतकी सवय, की नागपुरात पहिल्यांदा नाटक पाहिलं तेव्हा यांचं काहीतरी बिघडलंय असंच मला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

भाऊ नाटकं लिहायचा आणि आपल्या नाटकाचा प्रॉम्प्टर आपणच व्हायचा. स्टेजवर खून होवो की लग्न जमो, याचा आवाज एकसारखा. "प्रॉम्प्टरनंच अ‍ॅक्टिंग केली तं नटानं का करावं?" असं म्हणायचा. एका प्रयोगाहून पहाटे मोटरसायकलवर परत येताना धुक्यात त्याला रस्त्यावर उभी असलेली धानाची ट्रॉली दिसली नाही. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. त्याच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन सालीच धर्म बदलला. आमच्या घरात आत्मा मानत नाहीत, भूत मानत नाहीत, पितरांना जेवू घालत नाहीत. बाबा निवृत्त शिक्षक. कुणी अंगात येण्याच्या गोष्टी सांगू लागलं की ते चष्मा काढून पुसायला घेत, म्हणजे समोरच्यानं गप्प व्हायचं. हा आवाज काही महिने येत राहिला तेव्हा मी बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला नाही.

"तुले ऐकू येते ना? मग कानाच्या डॉक्टरले दाखव," म्हणाले.

मी गोंदियाला जाऊन दाखवलं. डॉक्टरनं कानात नळी घातली, यंत्र लावलं, घंटा वाजवून पाहिली. "सुनने में कोई दिक्कत नहीं है मॅडम. उलटा कुछ ज्यादाच अच्छा सुनती हो आप. टेन्शन मत लो, शादी कर लो." यातलं वाक्य न् वाक्य मला आधीच ऐकू आलं होतं, अस्सल गोंदियाच्या हिंदीत, भावाच्या सपाट आवाजात. मला तिथेच हसू आलं. डॉक्टरला वाटलं लाजले.

हळूहळू त्याचे नियम माझ्या लक्षात आले. कुणी माझ्यासमोर उभं राहून, माझ्याकडे बघून बोलणार असलं तरच तो यायचा. टीव्हीला नाही, फोनला नाही. समोरच्याचं वाक्य द्यायचा. माझं वाक्य त्यानं मला कधी दिलं नाही. मी काय बोलावं, कुठे जावं, काय करावं याबद्दल एक अक्षरही नाही. मी स्वतःला समजावून पाहिलं, की माणसं सहसा तेच ते बोलतात. काका लग्नाचं बोलणार, डॉक्टर टेन्शनचं बोलणार, त्यासाठी मेलेला भाऊ कशाला हवा? ते माझंच डोकं होतं, आणि डोक्याला त्याचा आवाज आवडला होता. हे समजावणं दवाखान्यात असेपर्यंत पटायचं. घरी आल्यावर, वहिनी समोर बसली की, पटायचं नाही.

पुढच्या पावसाळ्यात वडशाहून कंपनीचा मालक आला. भावाचं एक नाटक अर्धं राहिलं होतं आणि त्याच्या नावावर गावांनी तारखा देऊन ठेवल्या होत्या. "म्याडम, तुमी शिकल्या-सवरल्या. शेवट तेवढा करून द्या."

मी एका सुट्टीच्या दिवशी बसले. पात्रं माझ्यासमोर उभी आहेत, माझ्याकडे बघतात, असं मनाशी धरलं आणि डाव्या कानात वाक्यं सुरू झाली. मी उतरवून घेत गेले. नाटक चाललं. मालक दुसऱ्या वर्षी परत आला, तिसऱ्या वर्षीही. बोर्डावर लेखक म्हणून नाव भावाचंच. नावाआधी 'कैलासवासी' नाही, आपल्या बौद्ध रीतीनं 'कालकथित' लिहायचंच, हा बाबांचा हट्ट. मालकानं ते मानलं, पण इतक्या बारीक अक्षरात की मुंगी बसावी. मेलेल्या माणसाचं नवं नाटक कसं आलं, हे कुणीच विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि नाटक चांगलं होतं तोवर कुणाचं काही अडत नव्हतं. माझंही नाही. अकरा वर्षं असंच चाललं.

मग एका हंगामात पुण्याहून आलेली एक नटी आमच्या दवाखान्यात भरती झाली. थंडी वाजून ताप. तिची काचपट्टी मीच पाहिली, मलेरिया निघाला. दुसऱ्या दिवशी तिला बरं वाटत होतं. मी दुपारी डब्यातला वरण-भात घेऊन तिच्यापाशी गेले. ती करत होती ते नाटक माझं आहे असं नर्सनं तिला सांगून ठेवलं होतं.

"तुमचं की तुमच्या भावाचं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "त्याचं उत्तर मलाही नाही माहीत."

तिला ती गंमत वाटली. पुण्यात एका संस्थेत पटकथालेखनाची पदव्युत्तर पदवी आहे, दोन वर्षांची, वयाची अट नाही, बी.एस्सी. चालते, असं तिनं सांगितलं. जाताना माहितीचा कागदही पाठवते म्हणाली. मला वाटलं तापात बोलते आहे, पण कागद खरंच आला.

मला सिनेमात जायचं नव्हतं. पस्तीस वर्षांच्या, पक्की सरकारी नोकरी असलेल्या बाईनं पटकथा शिकावी असं कुठलंही शहाणं कारण मला तेव्हा दिसत नव्हतं आणि आजही दुसऱ्या कुणाला ते मी सांगणार नाही. माझं कारण प्रयोगशाळेतलं होतं. एखाद्या नमुन्याबद्दल शंका आली की तो दुसरीकडे नेऊन तपासतात. इथल्या नाटकात, इथल्या बोलीत, या घरात तो आवाज माझा की त्याचा हे मला कधीच कळणार नव्हतं. जिथे प्रॉम्प्टर नाही अशा जागी, त्याला न येणारं काम करून पाहायचं होतं. तिथे मला काही लिहिता आलं, तर ते माझं.

लेखी परीक्षा नागपुरात झाली. प्रश्न साधा होता, एका खोलीत एक बाई कुणाची तरी वाट पाहते आहे, प्रसंग लिहा. मी तीन पानं लिहिली. मग मुलाखतीला पुण्याला बोलावलं. टेबलापलीकडे तिघं होते. मधे आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई, त्यांच्यासमोर माझी पानं.

"या खोलीत दुसरं कुणी आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग ही बोलते कुणाशी? 'आता दिवा लावते. अगंबाई, वात तर संपली. कुणीतरी दार वाजवलं वाटतं.' तीन पानं ही एकटी बाई एकसारखी बोलते आहे."

मी सांगितलं, की मागे बसलेल्याला दिवा दिसत नाही, त्याला तो ऐकवावा लागतो. वाक्य एका दमात संपेल एवढंच ठेवायचं, नाहीतर नटाला उचलता येत नाही. आणि कुणी आत येणार असेल तर आधी तसं म्हणायचं, म्हणजे खाली बसलेल्याला पान उलटायला वेळ मिळतो. आमच्याकडे सगळे लेखक हे असंच करतात. पटकथेत ते चूक ठरेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पण कॅमेरा तिच्यापासून हातभर लांब आहे," त्या म्हणाल्या. "दिवा आम्हाला दिसतोय. तिनं बोलायची गरज नाही. ती बोलली नाही तर काय होईल?"

"पण मग तिला वाक्य कोण देणार?"

बाजूचे दोघे हसले. बाई हसल्या नाहीत. "तिला वाक्य कोण देतं?"

"प्रॉम्प्टर."

"इथे तो नसतो," त्या म्हणाल्या आणि पानं बाजूला ठेवली.

मला वाटलं संपलं. जिना उतरता उतरता मात्र वेगळीच गोष्ट ध्यानात आली आणि मी तिथेच थांबले. अर्धा तास तीन अनोळखी माणसं माझ्याकडे बघून बोलत होती आणि डावा कान गप्प होता. प्रत्येक वाक्य मी एकदाच ऐकलं होतं. रिक्षावाला बोलला, तेही एकदाच. लॉजवाला, एकदाच. परतीच्या गाडीत वर्धा गेलं, नागपूर गेलं, कान तसाच. भंडाऱ्याचं स्टेशन सोडल्यावर डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी माझ्यापुढे उभी राहिली आणि डाव्या कानात आलं, "थोडी सरक वं बाई, कंबर मोडून राहिली." मग म्हातारी तेच म्हणाली. मी सरकले. खिडकीकडे तोंड केलं आणि गोंदिया येईपर्यंत कुणाकडे पाहिलं नाही. रेडिओचं केंद्र जसं ठरावीक गावापर्यंतच लागतं, तसा तो आपल्या मुलखापुरता होता. तो यायला लागल्यापासून भंडाऱ्यापलीकडे मी फक्त परीक्षेपुरती गेले होते, आणि तिथे माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं.

महिन्याभरानं निवड झाल्याचं कळलं. आता प्रश्न पदवीचा राहिला नव्हता. गेले तर दोन वर्षं तो नसणार, आणि दोन वर्षांनी परत येईल याची खात्री नाही. नाही गेले तर तो राहील, आणि मी जन्मभर त्याचं उतरवून घेत राहीन.

बाबांना यातला आवाजाचा भाग मी सांगितला नाही. त्यांनी माहितीचा कागद दोनदा वाचला. "पदवी आहे ना ही? विद्यापीठाची?"

"हो."

"मग आपल्या घरात शिक्षणाले नाही म्हणत नाहीत. पन नोकरी सोडू नोको, बिनपगारी रजा माग." मग म्हणाले, "पिक्चर लिहून कोनाचं पोट भरते हे मले ठाऊक नाही. तू पाहून ये."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रजेचा अर्ज पाहून कपाळाला हात लावला. शिकायचंच तर रक्तपेढीचं काही शिका, म्हणाले. हे बरोबरच होतं. कंपनीचा मालक मात्र वडशाहून धावत आला.

"म्याडम, असं आयकून राहिलो का तुमी पुन्याले चालल्या?"

"अजून ठरलं नाही."

"मी सांगतो तिथं काय शिकवतात ते. दोन साल शिकून याल आन् मग तुमचे पात्र गप बसतील. इकडं पाहतील, तिकडं पाहतील, खिडकीतून पाहतील. गप बसाचे पैसे नाही देत पब्लिक." मग आवाज उतरवून म्हणाला, "आन् यावर्षी बोर्डावर नाव कोनाचं टाकू? त्याचं तं चालते अजून."

त्याचं प्रत्येक वाक्य मला आधी मिळत होतं. शेवटचं मिळालं तेव्हा मी चहा ओतत होते, आणि या माणसानं ते बोलू नये असं मला फार वाटलं. पण बोलला.

राहिली वहिनी. ती गावात अंगणवाडी चालवते. भाऊ गेल्यावर दुसरं लग्न कर असं बाबांनी तिला स्वतः सांगितलं होतं. ती म्हणाली, "पाहू मामाजी," आणि अकरा वर्षं कुणाकडे पाहिलं नाही. आवाजाचं तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं. तेव्हा "बरं" म्हणाली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

रोवणीचे, भातलावणीचे दिवस होते. ती दुपारी ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसले आणि गाडीतली म्हातारी, पुण्यातला गप्प कान, सगळं सांगितलं. ती खडे काढत ऐकत राहिली.

"म्हंजे तुमी गेल्या का ते चालले."

"तसंच दिसते."

"आन् मी काय सांगू त्यात? माझ्यापाशी तं ते कधी आलेच नाही." खडा अंगणात फेकला. "अकरा वर्षं तुमच्या कानात बसले. बायको मी. माझ्या कानात एक दिवस नाही. मी कधी विचारलं का तुमाले, बाई, काऊन असं?"

"नाही विचारलं."

"काऊन का तुमी खरं सांगाल, म्हनून नाही विचारलं."

तिनं सूप खाली ठेवलं. "आता मी हे बोलून राहिली, हे बी त्याईनं आधी सांगतलं तुमाले?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

तिचा चेहरा पाहून मला अंगणात निघून जावंसं वाटलं. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. या घरात ती माझ्याशी जे जे बोलली, भाजी काय करू इथपासून, ते सगळं आधी तिच्या नवऱ्यानं माझ्या कानात म्हटलं होतं. आणि ती एकदाही ऐकू शकली नव्हती.

ती सरळ बसली. माझ्याकडे पाहिलं, ओठ उघडले, आणि बोलायचं थांबली. मुद्दाम. तोंड मिटून माझ्याकडे पाहत राहिली.

डाव्या कानात भाऊ म्हणाला, "नोका जाऊ बाई. मले इतकेच राहिले ते."

बाहेर कोंबडी खडे वेचत होती. वहिनीनं विचारलं, "आलं?"

"आलं."

"काय आलं ते सांगू नोका." तिनं सूप परत मांडीवर घेतलं. तांदूळ पसरले, निवडलेलेच पुन्हा निवडले. मग म्हणाली, "जा तुमी."

हे वाक्य मला आधी मिळालं नव्हतं. मी एकदाच ऐकलं, तिच्या आवाजात. अकरा वर्षांत माझ्यासमोर कुणी आपलं वाक्य बदललं नव्हतं. खाली बसलेला एक सांगतो आहे आणि वर उभी बाई त्याच्याकडे न पाहता दुसरंच बोलते, असं आमच्या नाटकात कधी होत नाही. झालं तर नाटक कोसळतं. वहिनीचं काहीच कोसळलं नाही. उठून तिनं तांदूळ धुवायला घेतले.

मी रजेचा अर्ज पुढे पाठवला आणि जुलैच्या शेवटी गेले.

लोक मला विचारतात, पोरी जास्त, की असली पदवी घ्यावी का. मी त्यांना सरळ सांगते. दोन वर्षांत मला वरच्या दर्जाचं असं फार थोडं शिकवलं गेलं. वर्गातली अर्धी मुलं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, ती इंग्रजी सिनेमे बघत आणि मी डुलक्या काढत असे. पदवीवर मला कुणी काम दिलं नाही. एका मालिकेचं लिहायला घेतलं, ते माझ्याच्यानं झालं नाही, मी सोडलं. परत येऊन त्याच काचपट्ट्यांसमोर बसले. पगारवाढी हुकल्या त्या हुकल्याच. हातात नोकरी नसेल तर या फंदात पडू नका, असंच मी म्हणते. वर्गात एक मात्र झालं. त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी मला वर्षभर बोलणारं पात्र लिहू दिलं नाही. माणसं जे बोलणार असतात आणि बोलत नाहीत तेवढंच लिहायचं. पहिले काही महिने माझी पानं कोरी जात. डोकं कानाकडे लागलेलं असे आणि कान बंद. पुण्याच्या त्या खोलीत मी तासन् तास भिंतीकडे तोंड करून बसत असे आणि भावाचं नुसतं खोकणं तरी ऐकू यावं असं वाटे. ते आलं नाही. मग एकदा मी सूप घेऊन बसलेली बाई लिहिली. अर्धं पान झालं. ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

दर रविवारी वहिनी फोन करायची. जेवण, पाऊस, बाबांचा खोकला, अंगणवाडीतली पोरं. ठेवायच्या आधी विचारायची, "आहेत का?"

पहिल्या रविवारी मी "आहेत" म्हणून गेले. फोनवर तो कधीच येत नव्हता, हे मी तिला पूर्वी सांगितलेलं होतं. तिनं आठवण करून दिली नाही. "बरं" म्हणाली. पुढच्या वेळेस विचारलं, "काय म्हनतात?" आणि मी एक वाक्य सांगितलं. मग दर रविवारी एक. आठवडाभर मी ते मनात तयार करायचे. आपल्या वर्गातल्या कामाहून जास्त वेळ त्याला द्यायचे. रोवणीबद्दल तो काय म्हणेल, गावात आलेल्या नव्या ग्रामसेवकाला काय नाव ठेवेल. ती ऐकून घ्यायची. कधी हसायची, कधी नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी निघाले. भंडारा मागे गेल्यावर मी मुद्दाम एका माणसासमोर जाऊन बसले. त्यानं वेळ विचारली. एकदाच विचारली. गोंदियाला उतरले, केशोरीकडची एसटी धरली, कंडक्टर, शेजारची बाई, फाट्यावरचा पानवाला, सगळे एकदाच बोलले. बाबा दारात उभे होते. "आली का माय," म्हणाले. ते मला आधी मिळालं असतं तर मी आनंदानं तिथेच बसले असते. नाही मिळालं.

धानाची कापणी चालू होती. वहिनी शेतावरून उशिरा जेवायला आली. मी स्वयंपाक करून ठेवला होता, पण वांग्याची भाजी तिनं सकाळीच केलेली होती. बाबा जेवून बाहेर गेले. आम्ही दोघी पानावर बसलो. फोन नव्हता मध्ये. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "आहेत का?"

मी घास खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाहून 'आहेत' म्हणणं मला जमत नव्हतं, आणि 'नाहीत' म्हणणंही. मग मी म्हटलं, "भाजी चांगली झाली म्हणतो. वांगे असे कोनालेच जमत नाही म्हणतो."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. भाजीला लावला. चावून गिळला.

"त्याईनं जन्मात माझ्या भाजीले चांगलं नाही म्हटलं," ती म्हणाली. "मीठ कमी आहे म्हनत, नाही तं जास्त आहे म्हनत. हे ते नाही बोलले. हे तुमी बोलल्या."

मी मान खाली घातली. घरात दुसरा कुठलाच आवाज नव्हता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

वहिनीनं भांडं पुढे सरकवून माझ्या पानात भाजी वाढली.

"बरं," म्हणाली. "पुढं काय म्हनतात?"